पहिली फोड

मंगळवार होता. सकाळी आत्तींनी मांडवावरून दुधी उतरवला, विळीवर कापला, एक फोड खाल्ली आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसल्या. मी गॅसवर भात ठेवला. भात शिजायच्या आत आत्ती गेल्या.

याला आता काही आठवडे झाले. दिवसकार्य आटोपलं, पाहुणे आपापल्या गावी गेले, मी पुन्हा शाळेच्या ग्रंथालयात जाऊ लागले. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माझं माहेर चंदगडकडचं, तिकडे सासूला आत्ती म्हणतात. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा माझ्या तोंडून पहिल्याच दिवशी तेच निघालं आणि पुढे सगळ्या गल्लीनं ते उचललं. त्यांच्याविषयी लिहावं असं मनात येतं, कागद पुढे घेते, आणि दुःखाच्या आधी भीती येऊन बसते... ही भीती माझ्या चांगल्या ओळखीची आहे. कितीतरी वर्षं दर फाल्गुनात, दर चैत्रात मी ती घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिले आहे. ती कशी आली हे सांगितल्याशिवाय आत्ती कोण होत्या हे सांगता येणार नाही.

आमचं घर रंकाळ्याच्या अलीकडच्या एका गल्लीत. पुढून अरुंद, पण मागे चांगलं ऐसपैस परडं. आत्तींचं माहेर गडमुडशिंगीचं, शेतकऱ्याचं. शहरात आल्यावर त्यांनी या परड्यातच आपलं शेत मांडलं. माघ संपता संपता त्यांच्या अंगात वारं भरायचं. वेलांची आळी उकरायची, शेणखत घालायचं, बांबूंचा मांडव नव्यानं बांधायचा. फाल्गुनात दोडका आणि दुधी मांडवावर चढायचे, खाली वांगी आणि घेवडा, भिंतीकडेला पपई, न्हाणीच्या पाण्यावर अळू, आणि चैत्र लागला की दारातला मोगरा. भाजीच्या पानांवर किडे दिसले की सकाळी दव असताना त्यावर चुलीतली राख उडवायची. मी पुस्तक घेऊन पायरीवर बसलेली असायचे. "पुस्तकात पाणी घालू नगंस, इकडं घाल," असं त्या म्हणायच्या. राग नसायचा त्यात. मी दोन कळश्या घालून परत पायरीवर यायचे, त्यावर त्यांचं काही म्हणणं नसायचं.

त्यांचा एक नियम मात्र पक्का होता. आपसूक उगवलेलं रोप त्या कधी उपटत नसत. पक्ष्यानं टाकलेली मिरची, खताच्या खड्ड्यात आलेला टोमॅटो, भिंतीच्या भेगेतली पपई, सगळ्यांना जागा. "न बोलवता आलंय, म्हंजे त्याला यायचं व्हतं," असं त्यांचं म्हणणं. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा खताच्या खड्ड्याशेजारी दुधीचा एक वेल असाच आपोआप आला. लावलेल्या वेलांपेक्षा जोमदार. आत्तींनी त्याला आधार दिला, मांडवावर चढवला, आणि फाल्गुनाच्या शेवटी त्याला दोन दुधी धरले. पाडव्याच्या आदल्या दिवशी दोन्ही उतरवले. एक घरी ठेवला. दुसरा भिंतीवरून रशिदाभाभींना दिला.

रशिदाभाभी आमच्या मागच्या भिंतीपलीकडच्या. त्यांचे यजमान रिक्षा चालवतात. दोन्ही घरांत भिंतीवरून ताटांची ये-जा असायची, इकडून भाजी आणि फुलं, तिकडून ईदेला शिरकुर्मा, कधी नुसतंच लोणचं. दिलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, एवढाच रिवाज.

विजय, माझे यजमान, एका कारखान्याच्या ऑफिसात काम करतात. तेव्हा त्यांचं वजन वाढलं होतं. रंकाळ्यावर फिरायला जाणाऱ्या मित्रांनी रोज सकाळी अनशापोटी कच्च्या दुधीचा रस घ्यायला सांगितलं होतं. त्या पाडव्याला गुढी उभी राहिली, नेहमीप्रमाणे कडुनिंबाची पानं आणि गूळ वाटून सगळ्यांनी खाल्लं, विजयनी तोंड वाकडं केलं आणि लगेच मिक्सरमधून काढलेला रसाचा पेला हातात घेतला. पहिला घोट घेऊन ते थांबले. म्हणाले, आज हाही कडू लागतोय. मग हसले. पाडव्याला कडूच घ्यायचं असतं, आणि कडू ते औषधी, असं म्हणून त्यांनी पेला संपवला. मी तिथेच पुरणाला डाळ शिजत घालत होते. मीही हसले. कडुनिंबाची चव जिभेवर राहिली असेल असं आम्हाला दोघांनाही वाटलं.

गुढीची पूजा होते न होते तोच त्यांना उलट्या सुरू झाल्या. आधी हिरवट, मग त्यात रक्त. हातपाय गार, अंगाला घाम, आणि माझं मनगट धरलेला हात सैल पडत गेला... आत्तींनी फक्त विचारलं, "रस कसा लागला रे, विजू?" ते म्हणाले, कडू. आत्तींनी पेल्याच्या तळाला बोट लावलं, जिभेला लावलं आणि पेला खाली ठेवला. मी रिक्षा बोलवायला मागच्या दारानं रशिदाभाभींकडे धावले. आत्तीही माझ्या मागोमाग अनवाणी आल्या. भाभींचे यजमान रिक्षा काढायला पळाले आणि आत्ती भाभींसमोर उभ्या राहिल्या.

"कालचा दुधी शिजवलास?"

"न्हाय आत्ती. कापताना चाखला, कडूजहर व्हता. सांजच्यालाच टाकला."

"मग सांगितलं का न्हाईस?"

 रशिदाभाभी हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही मायेनं दिलेला... कडू हाय म्हणून कसं सांगू तुम्हाला?"

 भाभींच्या घरी कुणी खाल्ला नव्हता, एवढं ऐकून आत्तींनी श्वास सोडला, तो मी ऐकला. मग त्या माघारी वळल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी काय खाल्लं ते दोनदा विचारलं. रक्तदाब लागत नव्हता. सणाचा दिवस, बाहेरच्या बाकावर मी एकटी, अंगात नवी साडी. आपल्या परड्यात वाढलेलं, आपल्या हातानं पाणी घातलेलं, आपल्या मिक्सरमध्ये वाटलेलं... मला दुसरं काही सुचतच नव्हतं. दुधीसारखी आजाऱ्याला द्यायची भाजी माणसाला असं करू शकते, हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं. नंतर डॉक्टरांनी समजावलं. दुधी, काकडी यांच्या जातीत कधी कधी असं कडू विष तयार होतं, विशेषतः बी कुठून आलं ते माहीत नसलेल्या वेलाला. कडू लागला की थुंकायचा, एवढंच लक्षात ठेवा, असं ते म्हणाले. विजय वाचले. घरी यायला बरेच दिवस लागले.

घरी आलो तेव्हा परडं मोकळं होतं. आत्तींनी सगळं उपटलं होतं. तो वेल तर उपटलाच, शिवाय लावलेले दुधी, दोडका, वांगी, घेवडा, अळूसुद्धा. मोगऱ्यालाही सोडलं नव्हतं. बांबू भिंतीला टेकवून ठेवले होते आणि माती खुरप्यानं सारखी केली होती. विजय दारात उभे राहून बघत राहिले. आत्तींनी त्यांच्याकडे न बघता सांगितलं की आजपासून भाजी बाजारातून आणायची. त्या वर्षी भिंतीवरून एकही ताट गेलं नाही. रशिदाभाभी दोन-तीनदा भिंतीशी येऊन उभ्या राहिल्या. आत्ती आत निघून गेल्या. राग भाभींवर होता की स्वतःवर, हे मी विचारलं नाही. विचारायला मी घाबरत होते. त्या रात्रंदिवस लेकाच्या ताटाकडे बघत असायच्या आणि मी त्यांच्याकडे.

पुढच्या माघात रशिदाभाभी पुढच्या दारानं आल्या. हातात कागदाची पुडी. उंबऱ्यातच म्हणाल्या, "शिव्या द्या, पण हे घ्या. दोन सालामागं तुम्ही दुधी दिलता, गोड, त्याचं बी ठेवलं व्हतं. तुमचंच हाय."

आत्तींनी पुडीला हात लावला नाही. म्हणाल्या, "आन् पुन्हा कडू निघाला तर?"

"तर वरडून सांगन. समद्या गल्लीला ऐकू जाईल असं."

आत्ती हसल्या. वर्षभरात मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. पुडी घेतली. त्याच आठवड्यात आळी उकरली गेली. त्यानंतर भिंतीवरून काहीही गेलं की थोड्या वेळानं पलीकडून मोठ्यानं आवाज यायचा, "गोड हाय आत्ती!" वांग्याची भाजी असली तरी गोडच. गल्लीतली मुलं भाभींची नक्कल करायची, त्यांत आमची मुलगीही.

पहिला दुधी उतरवला त्या दिवशी मला वाटलं होतं, आत्ती तो चाखतील आणि थुंकतील. त्यांनी देठाकडची एक फोड कापली, चावली आणि गिळली. मी घाईनं पुढे झाले. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं याची आठवण दिली. जिभेला कळतंच, गिळायची गरज नाही, असं मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"जिभेचं सांगू नगं. त्याच्या जिभेला कळलंच व्हतं की."

मग त्या मागच्या पायरीवर जाऊन बसल्या. भात शिजेपर्यंत कुणी काही करायचं नाही, असं सांगून. भात शिजला की त्या उठायच्या आणि म्हणायच्या, "करा आता." तेव्हाच बाकीचा दुधी चिरायचा. पुढे फक्त दुधीपुरतं राहिलं नाही. काकडी, दोडका, पडवळ, परड्यातून जे जे यायचं त्याची पहिली फोड कच्ची, आत्तींच्या पोटात. आयुष्यभर सगळ्यांची जेवणं झाल्यावर मागून जेवलेली बाई, आता तिच्याशिवाय घरात पहिला घास कुणी घेत नव्हतं. घरात कुकर होता, तरी अशा दिवशी मी भात पातेल्यातच लावायचे. कुकर फार लवकर होतो. त्यांना जास्त वेळ बसायला मिळावं, पोटात काही असेल तर कळावं... आणि कळलं तर? याच्यापुढे माझं मन जायचं नाही. मी हातात पुस्तक धरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहायचे. तिथून पायरीवरची त्यांची पाठ दिसायची. पान उलटायचे, एक ओळ वाचलेली नसायची. पाठ हलते आहे का, खांदा वर-खाली होतो आहे का. मोगऱ्याचा वास यायचा. त्यांनी तो पुन्हा लावला होता. मी आजही मोगऱ्याचा गजरा माळत नाही.

याच्या गमतीही झाल्या. मुडशिंगीहून त्यांचे भाऊ आले होते, चैत्रातलं ऊन, पोटात भूक, आणि बहीण फोड खाऊन पायरीवर बसलेली. त्यांनी मला बोलावून विचारलं की कसला उपवास आहे का. विजयनी सांगितलं, आमच्याकडं राजवाड्यासारखं हाय मामा, आधी चाखणारा चाखतो, मग आपण. मामा म्हणाले, "मग तुझी आई मेली तर आम्ही जेवायचं का न्हाय?" सगळे हसले. आत्ती सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. मी ताटं मांडत होते. हातातलं ताट ठेवून मी आत जाऊन भाताचं झाकण उघडून पाहिलं.

दुधी बाजारातून आणू, असं मी किती वेळा सुचवलं. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "बाजारातला कुणी चाखलाय?"  आणि खरं सांगायचं तर बाजारचा दुधी मी आणत असे तेव्हाही त्या त्याची फोड खायच्याच.

अलीकडच्या दोन वर्षांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्यांच्या आमटीत मीठ वाढायला लागलं. चहात साखर विसरली तरी त्या काही न बोलता पिऊन टाकायच्या. रक्तदाबाच्या गोळ्यांनी म्हणा, वयानं म्हणा, त्यांची चव गेली होती. एकदा मी कारल्याची चकती मुद्दाम काहीच न सांगता त्यांच्या ताटात ठेवली. त्यांनी ती खाल्ली आणि विचारलं, दोडका का?  म्हणजे इतके दिवस पायरीवर नुसती वाट बघणं चाललं होतं. जीभ काही सांगत नव्हती. जे काय सांगायचं ते त्यांचं शरीर सांगणार होतं.

त्याच दिवशी मी धीर करून बोलले. म्हटलं, आत्ती, यापुढे पहिली फोड मी खाईन. त्यांनी खुरपं खाली ठेवलं. त्यांना माहीत होतं मला काय कळलं आहे ते.

"जीभ गेली तर जाऊ दे. पोट हाय की."

मी म्हटलं, पोटाला कळेपर्यंत उशीर होतो.

"व्हय, म्हणूनच. तुला पोरगी हाय. माझं समदं झालंय." आणि मग थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "त्या दिवशी पेला मी भरला व्हता. तू न्हाय."

हे त्यांनी एकदाच म्हटलं. मी विजयना सांगितलं नाही. त्यांनी ऐकलं असतं तर परडं दुसऱ्यांदा मोकळं झालं असतं, आणि त्यानंतर आत्ती जगल्या नसत्या असं मला वाटत होतं. म्हणून मी गप्प राहिले आणि पातेल्यात भात लावत राहिले.

त्या मंगळवारीही लावला. पाठ दिसत होती. भाताला उकळी आली म्हणून झाकण काढायला वळले, परत पाहिलं तर पाठ बाजूच्या भिंतीकडे कलली होती. हाक मारली. दुसऱ्या हाकेला मी पुस्तक टाकून धावले. डोळे मिटलेले होते, पदर व्यवस्थित होता, हात मांडीवर. शेजारच्या गल्लीतले डॉक्टर आले. हृदय बंद पडलं, असं म्हणाले, वय झालं होतं, त्रास झाला नसेल. मी त्यांना दुधीचं विचारू शकले नाही.  माझ्या मनात एकच होतं. ती फोड कशी होती, हे आत्तींच्या जिभेला कळलेलं नव्हतं, आणि आता दुसऱ्या कुणाला कळणार नव्हतं.

विजय कारखान्यातून आले. घर भरलं. आत्तींना बैठकीत आणून ठेवलं होतं. जमलेल्यांतली कुणी एक हळू आवाजात दुसरीला म्हणाली, त्या वेळी लेकाला सोडलं, आज आईला नेलं त्या दुधीनं. विजयनी ते ऐकलं. ते उठून स्वयंपाकघरात आले. मी तिथे होते. विळी उघडीच होती आणि शेजारी कापलेला दुधी, कडा सुकून पिवळट झालेल्या. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग मला विचारलं, "तू चव बघितलीस?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यांचा हात पुढे झाला.

तो हात मी पाहिला आणि मला पाडव्याला माझ्या मनगटावर सैल पडत गेलेला तोच हात आठवला. त्यांच्या आधी मी फोड उचलली आणि तोंडात टाकली. विचार करायला वेळ नव्हता. चावली. पाणचट, थोडी गोडसर. परत एकदा सावकाश चावली, जिभेच्या मुळाशी कडवटपणा शोधला. नव्हता. गिळली.

"गोड आहे," मी म्हणाले.

ते माझ्याकडे बघत होते. "गिळलीस?"

"हो."

ते खाली बसले. फरशीवर, माझ्यासमोर, माझा हात धरून. बाहेरून लोक त्यांना बोलावत होते, तिरडीचं सामान आलं होतं, मुडशिंगीचे मामा आले होते. ते उठेनात. दारात रशिदाभाभी उभ्या होत्या. त्यांनी विळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्या दार अडवून उभ्या राहिल्या. कुणीतरी आत यायला लागलं तेव्हा म्हणाल्या, "जरा थांबा की पावणं. जरा थांबा." गॅसवर अर्धा कच्चा भात तसाच होता. मयताच्या घरात चूल पेटवत नाहीत, तो शिजणार नव्हता. त्यामुळे किती थांबायचं हे आम्हाला कुणालाच कळेना. विजय माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, तसे मी इतकी वर्षं आत्तींच्या पाठीकडे बघत होते. असं बघणारं माणूस कसं दिसतं हे मला तेव्हा समजलं. बाहेर आत्ती होत्या, आणि त्यांचा लेक आत माझ्यासमोर बसून होता. मला वाटलं, आत्तींना हे पटलं असतं.

शेवटी मीच म्हणाले, "जा आता." ते उठले, तोंड धुतलं आणि बाहेर गेले.

म्हणजे आत्ती दुधीनं गेल्या नाहीत. हे मला ठाऊक आहे, विजयना ठाऊक आहे, भाभींनी ते गल्लीत मोठ्यानं सांगितलं आहे. तरी भीती गेलेली नाही. ज्याच्यामुळे ती आली होती ते संपलं, आणि ती मात्र राहायला जागा शोधते आहे...

परड्यात वांगी आहेत, दोडका आहे, मोगरा फुलतो आहे. दुधीचा वेल आम्ही उपटलेला नाही. त्याला आलेले दुधी कुणी उतरवत नाही, ते मांडवावरच वाळत चालले आहेत. भाजी बाजारातून येते. भात मी अजून पातेल्यातच लावते. ताटं वाढून झाली की विजय, मी आणि आमची मुलगी थोडा वेळ तसेच बसून राहतो. मग जेवतो.